परमिट रूमच्या खुर्च्या परत आल्या, हवेचं काय?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. त्या दिवशी राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले. परमिट रूम आणि बिअर बारच्या वाट्याला त्याआधीची दोन वर्षं चालू-बंदचीच आली होती. मार्च २०२०मध्ये खाली आलेलं शटर ५ ऑक्टोबरला निम्म्या गिऱ्हाइकांच्या अटीवर वर गेलं. एप्रिल २०२१मध्ये पुन्हा खाली आलं. मग १५ ऑगस्टपासून रात्री दहापर्यंत, २२ ऑक्टोबरपासून बारापर्यंत अशी वेळ वाढत गेली. पाडव्यापासून ना कोरोनाची वेळेची अट उरली, ना खुर्च्यांची. माळ्यावर टाकलेल्या खुर्च्या खाली आल्या आणि टेबलं पूर्वीसारखी खेटून लागली.

दोन वर्षं घरीच बसलेल्या सोलापूरकराचा तेव्हा साधा प्रश्न होता: आता बसायला जावं का, आणि गेलो तर काय बघून बसावं? जावं, जायला हरकत नाही. पण बघायचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी खोलीतली हवा, मग स्वतःचं शरीर, मग बाटली. दारात कपाळाला लावलेली तापाची बंदूक आणि टेबलावरची सॅनिटायझरची बाटली सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलट करतात. हात तीनदा चोळतात आणि बंद खोलीच्या कोपऱ्यात तीन तास बसतात.

हा विषाणू मुख्यतः श्वासातून पसरतो. बोलताना, हसताना तोंडातून अतिशय बारीक थेंब बाहेर पडतात. मोठे थेंब दोन-चार फुटांत खाली पडतात, बारीक मात्र धुरासारखे हवेत तरंगत राहतात. परमिट रूममध्ये पलीकडच्या टेबलावर सिगारेट पेटली की तिचा वास आपल्यापर्यंत किती वेळात येतो ते आठवा. जो धूर सहा फुटांवर थांबत नाही, त्याच वाटेनं हे थेंबही येतात. म्हणून टेबलांमधलं अंतर उपयोगी असलं तरी पुरेसं नाही. त्यातून परमिट रूममध्ये सगळ्याच गोष्टी विरुद्ध जातात. खाता-पिताना मास्क काढावाच लागतो. गाणी लागलेली असतात म्हणून आवाज चढवावा लागतो, आणि दुसऱ्या पेगनंतर तो आपोआप चढतो. मोठ्यानं बोलणारा माणूस हळू बोलणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त थेंब सोडतो. आणि मुक्काम असतो दोन-अडीच तासांचा.

सोलापुरात एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीच्या वर. त्यामुळे 'एसी हॉल' लिहिलेलं दार बघून आत शिरणं स्वाभाविक आहे. इथेच मोठा गैरसमज आहे. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. आतला डबा खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत खोलीतच फेकतो. बाहेरच्या डब्याशी तो तांब्याच्या नळ्यांनी जोडलेला असतो, त्या नळ्यांतून गॅस फिरतो, हवा नाही. म्हणजे हॉल कितीही गार वाटला तरी चाळीस जणांनी सोडलेला श्वास तिथेच फिरत असतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या एका रेस्टॉरंटमध्ये २४ जानेवारी २०२० रोजी असंच घडलं. शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबं जेवत होती. त्यातलं एक वुहानहून आलेलं. एसीचा झोत त्या तीन टेबलांवरून फिरत होता आणि बाहेरची हवा जवळपास येत नव्हती. तिन्ही कुटुंबांत मिळून दहा जणांना कोरोना झाला.

आता आपल्याकडचा हिशोब मांडू. हॉल ३० फूट लांब, २० फूट रुंद, १० फूट उंच धरा. म्हणजे ६,००० घनफूट, साधारण १७० घनमीटर हवा. माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा मिळावी, हा अशा जागेसाठी चांगला मापदंड. तासाला माणशी ३६ घनमीटर झाले. निम्म्या खुर्च्यांच्या काळात हॉलमध्ये २० माणसं होती, तेव्हा तासाला ७२० घनमीटर हवा लागत होती. आता ४० माणसं बसतात, म्हणजे १,४४० घनमीटर हवी. खुर्च्या दुप्पट झाल्या, एक्झॉस्ट फॅन मात्र तेवढेच राहिले. निर्बंध उठल्यावर खरा फरक पडला तो इथे, आणि त्याकडे कोणाचंच लक्ष नाही.

बारा इंची एक्झॉस्ट फॅन चांगल्या अवस्थेत तासाला हजार घनमीटरच्या आसपास हवा फेकतो. प्रत्यक्षात पात्यांवर तेलकट धुळीचा थर असतो, बाहेरच्या झडपा अर्ध्याच उघडतात, कधी त्यात चिमणीचं घरटं असतं. त्याहून मोठा दोष म्हणजे हवा आत यायला वाटच नसते. फॅन हवा बाहेर फेकतो, पण दार-खिडक्या बंद असतील तर तितकी हवा आत येणार कुठून? मग ती स्वयंपाकघरातून येते, नाहीतर मोरीच्या जाळीतून. फोडणीचा ठसका किंवा बाथरूमचा वास हॉलमध्ये येत असेल तर कारण बहुतेक वेळा हेच असतं. उपाय स्वस्त आहे. फॅनच्या समोरच्या भिंतीला, म्हणजे हॉलच्या दुसऱ्या टोकाला, एक खिडकी वीतभर उघडी ठेवायची. एसीचं बिल थोडं वाढेल, ते वाढू द्यावं.

हवा खरंच फिरते का, हे उदबत्तीनं कळतं. मालकांनी संध्याकाळी गल्ल्याला उदबत्ती लावतानाच हे करून बघावं. सगळे फॅन चालू करून पेटलेली उदबत्ती उघड्या खिडकीजवळ धरा. धूर आतल्या बाजूला ठामपणे वाकला पाहिजे. मग ती हॉलच्या चारही कोपऱ्यांत न्या. जिथे धूर सरळ वर जाऊन तिथेच घुटमळतो, तिथे हवा मेलेली आहे. प्लायवूडचे आडोसे घालून केलेल्या 'फॅमिली' केबिनमध्ये बहुतेक हेच दिसतं. कोरोनाच्या काळात टेबलांमध्ये बसवलेले प्लॅस्टिकचे पारदर्शक पडदे काही ठिकाणी नंतरही उभेच राहिले. तेही हवा अडवतात. काढून टाकावेत.

आणखी नेमकं मोजायचं तर कार्बन डायऑक्साइडचा मीटर येतो. बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत साधारण ४२० भाग हा वायू असतो. आपण श्वासातून तो सोडतो, म्हणून बंद खोलीतला आकडा सांगतो की दुसऱ्यांनी सोडलेली किती हवा आपण पुन्हा घेतोय. वरचा मापदंड पाळला तर आकडा ९००च्या आसपास राहतो. हवा निम्मीच मिळाली तर १,४००च्या वर जातो. दीड हजारांच्या पुढे बाहेरच्या टेबलावर जावं. मात्र स्वस्तातले काही मीटर हा वायू मोजतच नाहीत, ते हवेतल्या वेगवेगळ्या वाफांवरून अंदाज बांधतात. परमिट रूममध्ये दारूच्या वाफेनं त्यांचा आकडा उगाच उड्या मारतो. सॅनिटायझर लावलेला हात जवळ नेल्यावर आकडा एकदम चढला तर तो मीटर इथे कामाचा नाही. आणि तंदूर किंवा गॅसची शेगडी हॉलला लागून असेल तर खरा मीटरही जास्त दाखवतो, हे लक्षात ठेवावं.

सोलापुरात एक सोय मात्र आहे, जिला लोक कमी लेखतात: डेझर्ट कूलर. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा ओल्या जाळीतून ओढून आत ढकलतो. म्हणजे संसर्गाच्या दृष्टीनं एसी हॉलपेक्षा कूलरचा साधा हॉल चांगला. अट एवढीच, की कूलर खिडकीतच हवा आणि समोरची बाजू उघडी हवी. हॉलच्या मध्येच ठेवलेला कूलर आतलीच हवा फिरवतो आणि वर दमटपणा वाढवतो. सगळ्यात उत्तम अर्थातच गार्डन किंवा गच्ची. इथली हवा कोरडी आहे, सूर्य मावळला की तासाभरात उघड्यावर बसवतं.

आतच बसायचं तर जागा निवडून बसा. बाहेरून हवा येते त्या खिडकीजवळचं टेबल पहिलं. एसीच्या झोतात दोन टेबलं एका ओळीत असतील तर मागचं टेबल टाळा. शनिवारी साडेनऊला जाण्यापेक्षा मधल्या वारी सातला जावं. तासाला पाच वेळा हवा बदलणाऱ्या हॉलमध्ये आधीच्या गर्दीची पंचाण्णव टक्के हवा बाहेर पडायला ३६ मिनिटं लागतात. तासाला एकदाच बदलत असेल तर तीन तास. म्हणून नुकत्याच रिकाम्या झालेल्या बंद केबिनमध्ये लगेच बसू नये. ताप, खोकला, घसादुखी असेल तर त्या दिवशी जाऊच नका. लसीचा तिसरा डोस १० एप्रिल २०२२पासून अठरा वर्षांवरील सगळ्यांसाठी खासगी केंद्रांत सुरू झाला होता; घरी म्हातारी माणसं असतील तर तो वेळेत घेणं महत्त्वाचं होतं.

आता शरीर. इथे चुकलेली माणसं जास्त दिसतात.

रोज किंवा आठवड्याला ठरावीक दारू घेणाऱ्याला 'चढत नाही' असं वाटतं, त्याला दोन कारणं असतात. यकृत दारू फोडणारी काही विकरं (एन्झाइम) वाढवतं, आणि मेंदू नशेत काम करायला सरावतो. खंड पडला की काही आठवड्यांत दोन्ही सवयी उतरतात. लॉकडाऊनआधी दोन नाइन्टी (९० मिलीचे पेग) घेऊन जो सरळ चालत जायचा, तोच खंडानंतर पहिल्या नाइन्टीत अडखळतो. माणूस तोच, ब्रँड तोच, म्हणून तो ऑर्डरही तीच देतो. पहिल्या बैठकीला जुन्या मापाच्या निम्मं घ्यायचं, ही साधी मर्यादा ठेवावी.

माप समजून घ्यायला एकच आकडेमोड पुरते. मिलिलिटर गुणिले टक्के, गुणिले ०.७९, म्हणजे शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम. व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ६० मिलीच्या लार्ज पेगमध्ये साधारण २० ग्रॅम. आता स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली, ८ टक्क्यांची: ४१ ग्रॅम. म्हणजे एक स्ट्राँग बिअर म्हणजे दोन लार्ज पेग. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणत दोन बाटल्या संपवणाऱ्यानं चार लार्ज रिचवलेले असतात. पाच टक्क्यांची माइल्ड बाटली २६ ग्रॅमवर येते. उन्हात तहान भागवायला बिअर ही तर आणखी वाईट कल्पना, कारण तिनं लघवी जास्त होते आणि शरीर कोरडं पडतं. बसण्याआधी दोन ग्लास साधं पाणी, आणि मग प्रत्येक पेगमागे एक.

लॉकडाऊनमध्ये घरी ओतायची सवय लागली, त्याचाही हिशोब धरावा लागतो. परमिट रूममध्ये मापी असते. घरी स्टीलच्या पेल्यात अंदाजानं ओतलेला 'एक' पुष्कळदा ८०-९० मिलीचा निघतो. अशा माणसाला बारमधला लार्ज कमी वाटतो आणि तो आकडा वाढवतो. घरचा पेला एकदा औषधाच्या मापानं मोजून बघा. दुसरी गोष्ट गंभीर आहे. कोरोनाच्या दोन वर्षांत ज्यांचं रोजचं झालं, आणि सकाळी उठल्यावर हात थरथरतात, घाम येतो, घोट घेतल्यावरच बरं वाटतं, त्यांनी एका झटक्यात दारू बंद करू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत आकडी येण्याचा, भ्रम होण्याचा धोका असतो, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती नीट सोडता येते. मार्च २०२०मध्ये दुकानं अचानक बंद झाली तेव्हा अशा माणसांचे फार हाल झाले. त्यांना हसू नये.

खाण्याचा क्रम आपल्याकडे उलटा आहे. आधी चकणा, तोही शेंगदाणे आणि मसाला पापड, आणि जेवण रात्री अकराला, सगळं घेऊन झाल्यावर. अल्कोहोल मुख्यतः लहान आतड्यात शोषलं जातं. पोट भरलेलं असेल तर ते पोटात अडून राहतं आणि हळूहळू पुढे सरकतं. रिकाम्या पोटी ते सरळ आतड्यात उतरतं. म्हणून मटणाचं ताट, अंड्याची भुर्जी-रोटी, निदान दाल-राईस, जे काही असेल ते पहिल्या पेगबरोबर मागवा. सोलापूरचं शीक (सळईवर भाजलेलं मांस) उत्तम, पण त्याबरोबर रोटी हवी. शेवटी जेवून चढलेली उतरत नाही, लिंबूपाण्यानंही नाही आणि कॉफीनंही नाही.

उतरायला लागतो तो फक्त वेळ. ७० किलोच्या पुरुषानं तीन लार्ज घेतले, म्हणजे ६१ ग्रॅम, तर रक्तात १०० मिलीला साधारण १२८ मिलिग्रॅम अल्कोहोल होतं. शरीर तासाला अंदाजे १५ काढून टाकतं. गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. रात्री नऊला सुरू केलं तर त्या मर्यादेखाली यायला पहाटेचे साडेतीन, पूर्ण शून्यावर यायला साडेपाच. ५५ किलोचा माणूस असेल तर सकाळचे आठ. बाईच्या शरीरात त्याच वजनाला आकडा आणखी वर जातो. सरासरीचे आकडे आहेत, माणसागणिक बदलतात. पण 'एका पेगनं काय होतंय' हे कुठल्याच हिशोबात बसत नाही: रिकाम्या पोटी एका लार्जनंच आकडा ४०च्या वर जाऊ शकतो. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत. होटगी रोडवरून रात्री बाराला दुचाकीनं घरी यायचा विचार असेल तर रिक्षावाल्याचा नंबर बसायच्या आधीच घेऊन ठेवा. कायद्याचीच आणखी एक बाब: महाराष्ट्रात बिअरला वय २१ पूर्ण लागतं, व्हिस्की-रमला २५, आणि पिणाऱ्याकडे परवाना लागतो.

बाटलीचं थोडक्यात. व्हिस्की-रम बंद बाटलीत खराब होत नाही. बिअर होते. बहुतेक बाटल्यांना सहा महिन्यांची मुदत असते, पण ती नीट साठवणीसाठी धरलेली. तापमान १० अंशांनी वाढलं की बिअर जुनी होण्याचा वेग निदान दुप्पट होतो. पत्र्याच्या गोदामात ४० अंशांत दोन महिने राहिलेली बाटली म्हणजे २० अंशांत आठ महिने राहिलेली. लेबलवरची मुदत संपलेली नसली तरी आतली बिअर म्हातारी असू शकते. टोपण आपल्यासमोर काढायला सांगा. टोपणाच्या कडेला गंज, मानेतली पातळी शेजारच्या बाटलीपेक्षा कमी, उजेडात धरल्यावर तरंगणारे पांढरे कण, यातलं काहीही दिसलं तर परत द्या. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास हे जुनेपणाचं लक्षण. फार थंड बिअरमध्ये हा वास लपतो, म्हणून पहिला घोट ग्लासात ओतून, दोन मिनिटं थांबून घ्या. अशी बिअर विषारी नसते, पण पूर्ण पैसे देऊन ती का प्यावी? विषारी असते ती बिनपरवान्याची, सील तुटलेली, अर्ध्या किमतीची दारू. तिच्यात मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल असू शकतं, आणि ते चवीवरून कळत नाही. सॅनिटायझर पिण्याचे प्रकार तर लॉकडाऊनमध्ये जीव घेऊन गेले. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत एप्रिल २०२१मध्ये त्यानं माणसं दगावली.

सॅनिटायझरचा बारमध्ये आणखी एक धोका आहे. त्यात साठ-सत्तर टक्के अल्कोहोल असतं आणि त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. हात ओले असताना लायटर पेटवू नका. तंदूरजवळ, सिझलरच्या ताटाशेजारी ती बाटली नकोच. साबण-पाणी केव्हाही चांगलं.

पाण्यावरून मालकांसाठी. सोलापुरात २०२२मध्ये नळाला पाणी रोज येत नव्हतं, चार-पाच दिवसांआड यायचं, म्हणून प्रत्येक हॉटेलच्या खाली हौद आणि वर टाकी. बंदच्या काळात ज्यांचं पाणी महिनोन्महिने साचून राहिलं, त्यांनी टाकी फक्त पुन्हा भरून चालणार नाही. साचलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात. त्यातल्या काहींमुळे न्यूमोनिया होतो, आणि फवारा किंवा कूलरच्या तुषारांतून ते फुप्फुसात जातात. टाकी रिकामी करून घासायची, भरायची, मग हजार लिटरला १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, गाळ बसल्यावर वरचं पाणी टाकीत ओतायचं. प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडायचा. तासभर तसंच ठेवून सगळं सोडून द्यायचं आणि ताज्या पाण्यानं पुन्हा भरायचं. ब्लीचिंग पावडर ताजी हवी, फोडून ठेवलेल्या पोत्यातली पावडर निम्मी निकामी झालेली असते. आणि ती ॲसिडच्या बाटलीजवळ ठेवू नये, दोन्ही मिसळले की विषारी वायू सुटतो. कूलरची जाळी आणि टपही याच वेळी धुऊन घ्यावा. मोरीच्या जाळीखालच्या वाकड्या नळीतलं पाणी आटलं असेल तर गटाराची घाण हवा वर येते, तिथे दोन तांबे पाणी ओतलं की बंद होते.

गिऱ्हाईक त्या हॉलमध्ये दोन तास असतं, वेटर दहा तास. प्रत्येक टेबलाशी वाकून, गाण्याच्या आवाजात कान देऊन तो ऑर्डर घेतो. दुसऱ्यांनी सोडलेली हवा सगळ्यात जास्त त्याच्या वाट्याला येते आणि त्याला रजा सगळ्यात कमी. त्याला कापडी मास्क न देता चांगला बसणारा एन-९५ द्यावा, दोन्ही पट्टे डोक्यामागे जाणारा. नाकाची पट्टी दाबून बसवल्यावर श्वास कडेनं सुटत नाही ना, ते हात लावून बघावं. ताप असताना घरी राहिला तर त्या दिवसाची हजेरी कापू नये, नाहीतर तो गोळी घेऊन कामावर येईल. आणि सगळी पोरं दुपारी चारला कुठे जेवतात, तेही बघावं. बहुतेक ठिकाणी ती जागा म्हणजे बाटल्यांच्या खोक्यांची बिनखिडकीची स्टोअर रूम. तिथे सात-आठ जण मास्क काढून गोल करून बसतात. हॉल त्या वेळी रिकामाच असतो. खिडकीजवळची दोन टेबलं जोडून त्यांना तिथे जेवू द्यावं, पंखे लावून.